सेवापटावरील हुद्दा

सातारा जिल्ह्यातील अपशिंगे मिलिटरी असो, कोल्हापूरकडील सैनिक टाकळी असो, किंवा ज्या घरांच्या ओसरीवर दोन-तीन पिढ्यांच्या गणवेषातील तसबिरी टांगलेल्या आढळतात असे देशावरील दुसरे कोणतेही गाव असो, पलटणीतून परत आलेल्या मनुष्याला तेथील लोक बहुधा ‘मेजर’ अशीच हाक मारतात. तो शिपाई म्हणून निवृत्त झाला की सुभेदार म्हणून, याची चौकशी करीत बसण्याचे कारण गावाला वाटत नाही, कारण त्या हाकेत हुद्द्यापेक्षा आदर अधिक असतो. शासनाच्या दप्तरात मात्र त्याच मनुष्याचा एक निश्चित हुद्दा लिहिलेला असतो, आणि त्याच्या निवृत्तिवेतनाचा आकडा, त्याच्या पश्चात पत्नीला मिळावयाचे कुटुंब निवृत्तिवेतन, माजी सैनिकाचे ओळखपत्र, इतकेच नव्हे तर उद्या गावाच्या वेशीवर स्मारकशिला उभी राहिली तर तिच्यावर कोरावयाची अक्षरेदेखील त्या एका शब्दावर अवलंबून असतात. हा शब्द चुकीचा लिहिला गेला आहे असे जेव्हा ध्यानी येते, आणि ते बहुधा सेवा संपून कित्येक वर्षे लोटल्यावरच येते, तेव्हा साठी-सत्तरीतील माजी सैनिक कागदांची पिशवी काखेत मारून कार्यालयांच्या पायऱ्या चढू लागतो. ‘नायक’ या शब्दाच्या जागी ‘हवालदार’ असा शब्द लिहावा, एवढेच त्याचे मागणे असते. ऐकणाऱ्याला ते किरकोळ वाटते; परंतु ते मान्य करून घेणे किती दुर्घट आहे आणि ते तसे का व्हावे, हे समजण्यासाठी सैन्याच्या दप्तराची रचना थोडी आतून पाहिली पाहिजे.

सैन्याबरोबर लेखणी चालण्याची वहिवाट आपल्याकडे जुनी आहे. शिवछत्रपतींच्या फौजेत नायक, हवालदार, जुमलेदार, हजारी अशी चढती श्रेणी होती आणि हजाऱ्याच्या दिमतीस मजुमदार, कारभारी, जमेनीस अशी लिहिणारी माणसे नेमून दिलेली असत, हे सभासदाच्या बखरीवरून दिसते. आजच्या भारतीय सेनेत जवानांच्या नोंदी सांभाळण्याचे काम रेकॉर्ड ऑफिस करते, आणि महाराष्ट्रातून भरती होणाऱ्या बहुसंख्य जवानांचा या ना त्या रेकॉर्ड ऑफिसशी जन्माचा संबंध जडलेला असतो. मराठा लाइट इन्फंट्रीचे दप्तर बेळगावला आहे, तोफखान्याचे नाशिक रोड कॅम्पात, बॉम्बे सॅपर्सचे खडकीला, रणगाडा दलाचे व मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचे अहिल्यानगरला, गार्ड्‌स रेजिमेंटचे कामठीला, तर महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशातील सागरला. नौसैनिकांच्या नोंदी मुंबईत मानखुर्दच्या चीता कॅम्पात आणि वायुसैनिकांच्या नवी दिल्लीत सुब्रतो पार्क येथे ठेवल्या जातात. जवान सियाचीनवर असो की राजस्थानच्या वाळवंटात, त्याच्या सेवेची मूळ पत्रिका, जिला फौजी भाषेत ‘शीट रोल’ म्हणतात, ती या दप्तरात असते, आणि तिच्यात जे लिहिले गेले तेच शासनाच्या दृष्टीने त्याचे लष्करी आयुष्य ठरते.

या पत्रिकेत कारकुनाने आपल्या मनाने काही लिहावयाचे नसते. जवान जेथे नेमलेला असेल त्या पलटणीची कचेरी त्याच्या आयुष्यातील प्रत्येक घडामोड ‘पार्ट टू ऑर्डर’ नावाच्या आदेशात प्रसिद्ध करते. रजा, विवाह, अपत्याचा जन्म, बदली, दवाखान्यात दाखल होणे, शिक्षा, बढती, सारे काही या आदेशांतून जाते. त्या आदेशाची प्रत रेकॉर्ड ऑफिसला आणि वेतनाचा हिशेब ठेवणाऱ्या पे अकाउंट्‌स ऑफिसला पोहोचते, आणि मग तेथे आपापल्या कागदावर नोंद उतरविली जाते. शेतकऱ्याला हे लगेच उमगेल: पार्ट टू ऑर्डर हा फेरफार आणि शीट रोल हा सातबारा. फेरफार मंजूर होऊनही तो सातबाऱ्यावर चढला नाही तर जमीन कसणाऱ्याची जी अवस्था होते, तीच बढतीचा आदेश निघूनही तो शीट रोलवर न चढलेल्या जवानाची होते. फरक इतकाच की शेतकऱ्याला तलाठ्याकडे जाऊन आपला उतारा केव्हाही पाहता येतो, आणि जवानाला मात्र सेवेत असताना हा कागद डोळ्यांनी पाहण्याचे प्रसंग फार थोडे येतात.

शीट रोलवरील बढत्यांचे पान उघडले तर त्यात हुद्दा, तो कोणत्या दिनांकापासून मिळाला, तात्पुरता की कायम, आणि कोणत्या आदेशान्वये, अशा नोंदी ओळीने उतरलेल्या दिसतात, व त्यांपुढे अधिकाऱ्याची त्रोटक सही असते. सामान्य माणसाची दृष्टी हुद्द्याच्या शब्दावर जाते; दप्तरात मुरलेला मनुष्य मात्र प्रथम आदेशाच्या क्रमांकाकडे पाहतो, कारण क्रमांक नसलेली नोंद त्याच्या लेखी नोंदच नसते. दुरुस्तीच्या साऱ्या प्रकरणाची किल्ली या एका रकान्यात आहे. माजी सैनिकाजवळ दंडावर तीन फिती असलेले छायाचित्र असते, पलटणीच्या सामूहिक तसबिरीखाली छापलेले ‘हवालदार’ हे नाव असते, कमांडिंग ऑफिसरने निरोपाच्या वेळी दिलेले प्रशस्तिपत्र असते. पण शीट रोलवर शेवटचा हुद्दा दोन फितींचा, म्हणजे नायकाचा असेल, आणि बढतीच्या आदेशाचा क्रमांक त्याला सांगता येत नसेल, तर या साऱ्या पुराव्याकडे दप्तर सहानुभूतीने पाहील आणि अर्ज परत पाठवील.

येथे एक गोष्ट न्यायबुद्धीने सांगितली पाहिजे. ज्याला माजी सैनिक चूक समजतो ती प्रत्येक वेळी चूक असतेच असे नाही. कंपनी हवालदार मेजर किंवा क्वार्टरमास्टर हवालदार या नेमणुका आहेत. त्या भूषविणाऱ्याचा हुद्दा हवालदार हाच असतो, आणि म्हणून ‘मी हवालदार मेजर होतो, पण कागदावर नुसता हवालदार आहे’ ही तक्रार खरी असूनही दुरुस्तीस पात्र ठरत नाही. बढती मिळाली तरी ती आरंभी तात्पुरती असू शकते, आणि ती कायम होण्यापूर्वी काही कारणाने परत गेली तर मधल्या काळातील तीन फिती छायाचित्रात राहतात पण कागदावर राहत नाहीत. जुन्या नियमांनुसार निवृत्तीपूर्वीचे शेवटचे दहा महिने जो हुद्दा धारण केला असेल तोच निवृत्तिवेतनासाठी धरला जाई. त्यामुळे निवृत्तीच्या तोंडावर बढती मिळालेला मनुष्य डिस्चार्ज बुकात हवालदार आणि पेन्शन पेमेंट ऑर्डरवर, म्हणजे ज्याला सगळे पीपीओ म्हणतात त्या कागदावर, नायकाच्या दराने निवृत्तिवेतन घेणारा असा दिसे, आणि दोन्ही कागद आपापल्या जागी नियमाला धरूनच असत. १९६५ पूर्वीच्या कागदांवर ‘जमादार’ हा हुद्दा आढळतो. तो पुढे ‘नायब सुभेदार’ या नावाने ओळखला जाऊ लागला, आणि आजोबांच्या कागदावर जमादार पाहून त्यांना कोणी खाली उतरविले असा ग्रह करून घेण्याचे कारण नाही. परमवीर चक्राचे मानकरी राम राघोबा राणे हे कारवारजवळच्या चेंडिया गावचे. १९४० साली ते बॉम्बे इंजिनिअर्समध्ये साधे जवान म्हणून भरती झाले, एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा-राजौरी मार्गावर त्यांनी सुरुंग काढून रणगाड्यांना वाट करून दिली तेव्हा ते सेकंड लेफ्टनंट होते, आणि १९६८ साली मेजर म्हणून निवृत्त झाले. त्यांचा उल्लेख कोठे सेकंड लेफ्टनंट आणि कोठे मेजर असा सापडतो, व दोन्ही बरोबर आहेत: एक पराक्रमाच्या दिवसाचा हुद्दा, दुसरा सेवेच्या अखेरचा.

हे सारे वजा केल्यावर ज्या खऱ्या चुका उरतात त्यांची उत्पत्ती बहुधा माणसाच्या दुष्टाव्यात नसून कागदाच्या प्रवासात असते. पलटण एका ठाण्याहून दुसऱ्या ठाण्याकडे हलत असताना निघालेला आदेश पोहोचत नाही. पे अकाउंट्‌स ऑफिसला पोहोचतो आणि रेकॉर्ड ऑफिसला नाही, म्हणून वेतन हवालदाराचे मिळत राहते व पत्रिका नायकाचीच राहते. एका नावाचे दोन जवान एकाच पलटणीत असले की एकाची बढती दुसऱ्याच्या क्रमांकावर चढते. शिक्षा म्हणून हुद्दा उतरविला जातो, पुढे वरिष्ठ अधिकारी ती शिक्षा रद्द करतात, आणि उतरविल्याची नोंद राहते पण रद्द झाल्याची चढत नाही. या शेवटच्या प्रकारातील चूक मला सर्वांत जिव्हारी लागणारी वाटते, कारण तीत मनुष्य निर्दोष ठरूनही दप्तरात दोषीच राहतो.

परंतु हुद्द्याच्या नोंदीतील विसंगतीचा मोठा झरा वेगळ्याच ठिकाणी आहे, आणि तो म्हणजे मानद हुद्दा. उत्तम सेवा बजावलेल्या हवालदारांना निवृत्तीनंतर मानद नायब सुभेदार करण्याची प्रथा आहे, आणि त्यांच्या याद्या २६ जानेवारी व १५ ऑगस्ट या दिवशी घोषित होतात. आता घटनांचा क्रम पाहावा. जवान घरी जाताना त्याच्या हाती डिस्चार्ज बुक पडते, त्यावर हवालदार लिहिलेले असते. पीपीओही हवालदाराच्या नावाने निघतो. आणि त्यानंतर काही महिन्यांनी, तो गावी शेतीकडे लक्ष देऊ लागलेला असताना, मानद हुद्दा जाहीर होतो. जुन्या कागदांवर तो आपोआप उमटत नाही. त्यासाठी रेकॉर्ड ऑफिसने नोंद करून प्रयागराज येथील निवृत्तिवेतन लेखा कार्यालयाकडून दुरुस्ती पीपीओ काढवून घ्यावा लागतो. पूर्वी मानद हुद्द्याने निवृत्तिवेतनात पडणारी भर इतकी नाममात्र होती की या विलंबाचे कोणाला फारसे वाटत नसे. सहाव्या वेतन आयोगाच्या शिफारशीवरून संरक्षण मंत्रालयाने १२ जून २००९ च्या पत्राने मानद नायब सुभेदारास निवृत्तिवेतनापुरते प्रत्यक्ष नायब सुभेदार मानण्याचे ठरविले, तेव्हा तोच शब्द एकाएकी मोलाचा झाला. पण हा लाभ १ जानेवारी २००६ पासून निवृत्त झालेल्यांनाच दिला गेला, आणि त्याच्या आदल्या वर्षी तोच मान मिळवून घरी गेलेला मनुष्य बाहेर राहिला. सशस्त्र सेना न्यायाधिकरणाच्या चंडीगड खंडपीठाने २०१० मध्ये हा भेद अमान्य केला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयात हात घालण्यास नकार दिला. ज्यांच्या कागदांवर मानद हुद्दा आजवर चढलाच नाही, त्यांना मात्र न्यायालयाने मिळवून दिलेला हा लाभही पोहोचू शकत नाही, कारण लाभ देणारा कारकून कागदावरचा हुद्दा पाहूनच हात पुढे करतो.

२०१५ च्या ७ नोव्हेंबरला ‘समान हुद्दा, समान निवृत्तिवेतन’ या धोरणाचा आदेश निघाला आणि १ जुलै २०१४ पासून ते लागू झाले. या धोरणाच्या तक्त्यांत उभ्या बाजूला सेवेची वर्षे आणि आडव्या बाजूला हुद्दे आहेत. त्यामुळे कागदावर एक हुद्दा खाली असलेला मनुष्य तक्त्याच्या शेजारच्या रकान्यात जातो व प्रत्येक महिन्याला, जन्मभर, कमी रक्कम घेतो, आणि त्याच्या मागे त्याची पत्नी तीच तूट पुढे चालविते. अनेकांच्या ध्यानी आपल्या नोंदीतील चूक आली ती या तक्त्यांमुळेच, कारण बरोबरीने निवृत्त झालेल्या मित्राला अधिक आणि आपल्याला कमी का, हा प्रश्न प्रथमच चव्हाट्यावर विचारला जाऊ लागला. अलीकडे निवृत्तिवेतनाचा कारभार ‘स्पर्श’ या संगणकीय प्रणालीकडे गेल्यापासून प्रत्येकाला आपली नोंद स्वतः पाहता येते, हा त्याचा मोठा लाभ मानला पाहिजे.

एक उदाहरण कल्पून पाहू. कोणी एक निवृत्त नायक आपण हवालदार होतो असे म्हणतो. त्याने प्रथम जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जावे, कारण तेथील माणसे या भाषेत मुरलेली असतात आणि अर्ज कोणत्या रेकॉर्ड ऑफिसला, कोणत्या शब्दांत लिहावयाचा हे सांगतात. अर्जात ‘माझ्यावर अन्याय झाला’ असे पानभर लिहिण्यापेक्षा आपला सैनिक क्रमांक, पलटण, बढतीचा महिना व वर्ष, त्या वेळचे ठाणे, आणि माहीत असल्यास पार्ट टू ऑर्डरचा क्रमांक लिहिणे शतपटीने उपयोगी पडते. क्रमांक माहीत नसेल तर माहिती अधिकार कायद्याखाली दहा रुपये भरून स्वतःच्या शीट रोलची व त्या काळातील आदेशांची प्रत मागता येते, आणि साधारणतः तीस दिवसांत उत्तर देणे कार्यालयास बंधनकारक असते. वेतनाच्या जुन्या चिठ्ठ्या कोणी जपून ठेवल्या असतील तर त्यांचे मोल फार आहे. हवालदाराचे वेतन मिळत होते हे दाखविता आले की आदेश निघाला होता याचे अनुमान बळकट होते व शोध कोठे घ्यावा हे कळते. चूक सिद्ध झाली की रेकॉर्ड ऑफिस नोंद दुरुस्त करते, दुरुस्ती पीपीओ निघतो, आणि मग ओळखपत्र व बँकेतील नोंद बदलून घ्यावयाची असते.

रेकॉर्ड ऑफिसने नकार दिला तर २००७ च्या कायद्याने स्थापन झालेल्या आणि ऑगस्ट २००९ पासून काम करू लागलेल्या सशस्त्र सेना न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. त्याचे एक खंडपीठ मुंबईस आहे. मुदत अंतिम उत्तरापासून सहा महिन्यांची आहे, परंतु विलंब क्षमा करण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला आहे. शिवाय सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली भारत सरकार विरुद्ध तरसेम सिंग या प्रकरणात जे तत्त्व मांडले ते वृद्ध अर्जदारांनी ध्यानी ठेवण्याजोगे आहे: निवृत्तिवेतन कमी मिळणे हा दर महिन्याला नव्याने घडणारा अन्याय असल्यामुळे केवळ उशिराच्या कारणावरून दावा फेटाळू नये, मात्र मागील थकबाकी सामान्यतः तीन वर्षांपुरतीच द्यावी. म्हणजे पंचवीस वर्षांपूर्वीची चूक आज दुरुस्त होऊ शकते, पण पंचवीस वर्षांची तूट भरून येत नाही.

दुसऱ्या महायुद्धातील सैनिकांची गोष्ट यांहून बिकट. त्या काळी भारतीय सेना पंचवीस लाखांच्या घरात गेली होती, आणि युद्ध संपताच बहुतेकांना निवृत्तिवेतनाविना घरी पाठविण्यात आले. निवृत्तिवेतन नसलेल्या जवानांचे सेवापत्र पंचवीस वर्षांनंतर नष्ट करण्याचा नियम आहे. कायम जतन होते ती ‘लाँग रोल’ नावाची नोंदवही, जिच्यात एका जवानाच्या वाट्याला फार तर एखादी ओळ येते. इटलीतील किंवा ब्रह्मदेशातील लढाईत युद्धकाळापुरती बढती मिळालेला मनुष्य त्या ओळीत कोणत्या हुद्द्याने उरला आहे यावर कुटुंबाचा काही इलाज चालत नाही, कारण ज्या कागदाने विरुद्ध पुरावा द्यावयाचा तो कागद शासनाने स्वतःच नियमाप्रमाणे जाळलेला असतो.

अमेरिकेतही हा प्रश्न आहे आणि तेथे त्यासाठी वेगळी सोय केलेली आहे. पूर्वी तेथील सैनिकाला आपली नोंद बदलून घेण्यासाठी काँग्रेसकडून स्वतःपुरता कायदा करवून घ्यावा लागे. १९४६ च्या एका कायद्याने हे काम मुलकी सदस्यांच्या मंडळांकडे गेले, आणि नोंदीतील चूक सुधारण्याचा व अन्याय दूर करण्याचा, असा दुहेरी अधिकार त्यांना मिळाला. चूक ध्यानी आल्यापासून तीन वर्षांची मुदत आहे, पण न्यायाच्या हितासाठी मंडळ ती शिथिल करू शकते. या व्यवस्थेची परीक्षा १९७३ साली झाली. त्या वर्षी १२ जुलैला सेंट लुईसजवळील लष्करी अभिलेखागाराला आग लागून सुमारे एक कोटी साठ ते ऐंशी लाख सैनिकांच्या नस्ती भस्मसात झाल्या. १९१२ ते १९६० या काळात सेवामुक्त झालेल्या भूसैनिकांच्या नस्तींपैकी अंदाजे ऐंशी टक्के त्यांत गेल्या. तेव्हापासून त्या अभिलेखागारातील माणसे वेतनाची प्रमाणके, रुग्णालयांच्या नोंदी, राज्यांची दप्तरे यांतून एकेका सैनिकाची सेवा पुन्हा जुळवीत आहेत. त्यांची पद्धती निर्दोष आहे असे म्हणण्याचा माझा उद्देश नाही. तेथेही वर्षानुवर्षे वाट पाहावी लागते. परंतु नस्त शासनाच्या ताब्यात असताना जळाली म्हणून ती जुळविण्याचे कष्टही शासनाने घ्यावेत, ही भूमिका तेथे कार्यालयाने स्वतः स्वीकारली, आणि आपल्याकडे नेमके तिचेच वाण आहे.

बढतीचा आदेश पलटणीने काढला, तो दोन कार्यालयांना पाठविला, पत्रिका रेकॉर्ड ऑफिसने लिहिली, आणि जुनी कागदपत्रे ठेवण्याचा व नष्ट करण्याचा अधिकारही त्यांच्याकडेच राहिला. या साऱ्या प्रवासात जवानाचा हात एकदाही कागदाला लागलेला नसतो. असे असता चूक उघड झाल्यावर पुराव्याचा सगळा भार त्याच्यावर टाकणे मला न्याय्य वाटत नाही. आदेशाचा क्रमांक त्याने आणावा असे म्हणणारे कार्यालय तो क्रमांक ज्या फडताळात आहे त्याच्याजवळच बसलेले असते. अर्जदाराने पलटण, ठाणे आणि वर्ष एवढे सांगितले की पुढील शोध कार्यालयाने करावा, वेतनाच्या हिशेबाशी पडताळा पाहावा, आणि जेथे शासनाच्याच नियमाने कागद नष्ट झाला आहे तेथे छायाचित्र, प्रशस्तिपत्र, सहकाऱ्याची शपथपूर्वक साक्ष यांना पुराव्याचे स्थान द्यावे, हे मागणे फाजील नाही. मानद हुद्द्याच्या बाबतीत तर शोधाचाही प्रश्न नाही. २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टच्या याद्या शासनाच्याच असतात, निवृत्त हवालदारांची नावे व पत्ते ‘स्पर्श’मध्ये आहेत, यादी निघाली की तिच्याबरोबरच प्रत्येकाचा दुरुस्ती पीपीओ प्रयागराजहून निघावा आणि जुन्या याद्यांचीही त्याच रीतीने एकदा रुजुवात व्हावी, म्हणजे जे मानद नायब सुभेदार आज हयात नाहीत त्यांच्या विधवांना आपल्या पतीचा हुद्दा सिद्ध करण्यासाठी अर्जच करावा लागणार नाही.